पेटी म्हणजे नेमकी कुठली पेटी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दारावरची पाटी वडिलांच्या काळातली आहे: 'पेटी दुरुस्ती व शिकवणी'. वडील हार्मोनियमचे भाते, म्हणजे वारा भरणारे भाग, बदलायचे, सूर लावायचे. आता दुरुस्ती मीच करते आणि संध्याकाळी मुलांना शिकवते. मागच्या श्रावणात एक आजोबा नातवाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक देऊन आले. कडी तुटलेली, बिजागरी गंजलेली. पाटी वाचून आले होते आणि पाटीवर तर पेटीच लिहिलंय. त्यांना पाणी दिलं, पत्र्याचं काम करणाऱ्याचा पत्ता दिला आणि त्या रात्री ठरवलं, की या एका शब्दावरून मला सतत विचारलं जातं ते सगळं एकदा लिहून काढायचं.

पेटी म्हणजे हार्मोनियमच ना?

आमच्या वर्गात, हो. बाहेर पडलात की नाही. सोलापुरात सकाळी घरातून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत किती पेट्या बघतो ते मोजा. देवापुढे काडेपेटी, मुलाच्या दप्तरात कंपासपेटी, देवळात दानपेटी, पोस्टाबाहेर टपालपेटी, कारखान्याच्या भिंतीवर प्रथमोपचार पेटी आणि तक्रारपेटी, मार्केट यार्डात द्राक्षाच्या पेट्या. रात्री मंडळात भजनाला बसला की तिथेही पेटी. मराठी माणसाचा यात कधी गोंधळ होत नाही आणि मला त्याचंच नवल वाटतं.

मग कुठली पेटी ते कळतं कसं?

शेजारच्या शब्दावरून, आणि बहुतेक वेळा क्रियापदावरून. पेटी वाजवली, शिकली, पेटीची साथ केली, म्हणजे वाद्य. पेटी भरली म्हणजे ट्रंक. पेटी फोडली असं वर्तमानपत्रात आलं की चोर दानपेटीपर्यंत पोचला.

विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययही काम करतात, हे मला शिकवता शिकवता लक्षात आलं. 'पेटीत' म्हटलं की मनात डबा येतो: पेटीत साड्या आहेत, पेटीत पैसे टाक. 'पेटीवर' म्हटलं की बहुधा वाद्य: आज पेटीवर कोण आहे? 'तबल्याला अमुक, पेटीला तमुक' हेही तसंच. दोन्हीकडे सारखं लागू पडणारं वाक्य क्वचित सापडतं. एक मात्र मी दर पावसाळ्यात ऐकते: "ताई, पेटीत झुरळं झालीत." मग विचारावं लागतं, कपड्यांच्या की वाजवायच्या?

हा शब्द आला कुठून?

संस्कृतात पेटी, पेटिका, पेटक असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ टोपली, करंडा, डबा. आपल्याकडचा पेटारा, गारुड्याची पेटारी ही याच घरातली माणसं. दक्षिणेकडेही हाच शब्द थोड्या फरकाने नांदतो: कन्नडमध्ये पेट्टिगे, तेलुगूत पेट्टे, तमिळमध्ये पेट्टी. या तिन्हींचा अर्थ डबा, खोकं, ट्रंक असाच.

मग वाद्याला डब्याचं नाव का पडलं?

ते डब्यातूनच आलं आणि डबाच राहिलं म्हणून.

हार्मोनियम हे नाव पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांच्या वाद्याचं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. ते टेबलाएवढं असायचं. खुर्चीवर बसायचं, पायाने भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. आपल्याकडे गाणारा आणि साथीदार दोघंही जमिनीवर, सतरंजीवर बसतात. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातात मावेल असं रूप घडवलं. पाय काढले आणि भाता पाठीमागे लावला. एका हाताने वारा भरायचा, दुसऱ्याने सूर वाजवायचे. आता ते उचलून कुणाच्याही ओसरीवर नेता येऊ लागलं.

ते बंद करून ठेवलेलं बघा. झाकण, दोन्ही बाजूंना कड्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. ओळखीची पेटीच. झाकण उघडलं तरच कळतं की आत वाजवायच्या पट्ट्या आणि वाऱ्याची वाट उघडणारे-बंद करणारे खटके आहेत. ज्यांनी पहिल्यांदा हे वाद्य बघितलं त्यांना 'हार्मोनियम' उच्चारायला जड गेलं असेल, पण 'बाजाची पेटी' म्हणायला कुणाची परवानगी लागली नाही. हळूहळू 'बाजाची' गळून पडलं. माझी आजी अजून पूर्ण शब्द म्हणायची, "बाजाची पेटी काढ गं."

आपल्या सोलापूरचे शाहीर रामजोशी लावण्या रचत होते तेव्हा हे वाद्य जन्मलंही नव्हतं. डफ, तुणतुणं आणि गळा एवढ्यावर त्यांनी फड गाजवले. आज लावणीच्या बैठकीत पेटीमास्तर नसला तर लोक विचारतात, मास्तर कुठे आहेत? दीड-दोनशे वर्षांत एखादं वाद्य इतकं आपलं होणं मला फार मोलाचं वाटतं.

'संवादिनी' म्हणणं जास्त शुद्ध नाही का?

संवादिनी हा सुंदर शब्द आहे. गाण्याशी संवाद करणारी, असा त्याचा सरळ अर्थ. निमंत्रणपत्रिकेवर 'संवादिनी साथ' छापलेलं शोभतं. पण पेटी म्हणण्यात काही अशुद्ध नाही आणि हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. एक आई मुलीला माझ्यासमोर म्हणाली, "पेटी नाही गं म्हणायचं, हार्मोनियम म्हण." मुलीने चटकन मान खाली घातली. तिच्या आजोबांनी तिला तोच शब्द शिकवला होता. मी त्या मुलीला सांगितलं की गोविंदराव टेंब्यांनी वाजवली ती पेटी, तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली ती पेटी वाजवून. तू निर्धास्त पेटी म्हण.

आमच्याकडे घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड. मुलं गोंधळतात.

गोंधळत नाहीत हो, श्रीमंत होतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची आई तेलुगू बोलते. त्यांच्या घरी काडेपेटी म्हणजे अग्गिपेट्टे. अग्गि म्हणजे आग. आगीची पेटी. विणकरांची कीर्ती सांगायची तर त्या घरांमध्ये काडेपेटीत मावणाऱ्या साडीची गोष्ट निघतेच. तेलंगणात सिरसिल्ल्याच्या मागावर अशी साडी खरंच विणली गेली. सोलापूरच्या चादरीमागे ज्यांचे हात आहेत, त्या पद्मशाली कुटुंबांची मुळं त्याच मुलखातली.

तेलुगूत रेल्वेच्या डब्यालाही पेट्टे म्हणतात, रैलु पेट्टे. आपण डबा म्हणतो, ते पेटी म्हणतात. वस्तू तीच, कल्पनाही तीच. एका विद्यार्थ्याच्या आजीने मला पहिल्यांदा 'हार्मोनियम पेट्टे' म्हटलं तेव्हा मला क्षणभर वाटलं त्या मराठीच बोलतायत.

कन्नडची गंमत वेगळी. आमच्या शेजारच्या मावशी संध्याकाळी हाक मारतात, "पेटेगे होगोण?" म्हणजे बाजारात जाऊ या. पेटे म्हणजे बाजार. आपल्याकडच्या मंगळवार पेठ, साखर पेठ, दाजी पेठ यांतली पेठ आठवा. आणि पेट्टिगे म्हणजे डबा. पेटेगे आणि पेट्टिगे यांत फरक केवढा, तर एका जोड अक्षराचा आणि एक-दोन स्वरांचा. मी लहान होते तेव्हा वर्षभर मला वाटायचं मावशी आईला पेटी शिकायला बोलावतात.

पायपेटी, हातपेटी, सूरपेटी यांत फरक काय?

हातपेटी म्हणजे आपली नेहमीची. पायपेटीचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचाच्या पुढ्यात ही किंवा तिचा मोठा भाऊ ऑर्गन असायचा. सूरपेटीला पट्ट्याच नसतात. गाणाऱ्यामागे अखंड षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, भरत राहणं एवढंच तिचं काम. आता ते काम बहुतेक जण मोबाइलवर करून घेतात.

आणखी एक येते, घडीची पेटी. वाद्य आत दुमडतं आणि बाहेरून सुटकेस होते. गाडीत शेजारचा विचारतो, "काय आहे पेटीत?" त्याला सांगायचं, "पेटी."

"काळी दोनची पेटी द्या" असं म्हणतात, म्हणजे काळ्या रंगाची का?

नाही. काळी दोन ही पट्टी आहे. एका सप्तकात बारा पट्ट्या, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. गाणाऱ्याने सा कुठे धरायचा ते त्यावरून सांगतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन असं पुढे. पुरुष गायक बरेचदा काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात. म्हणून "तुमची पट्टी कोणती?" हे विचारल्याशिवाय साथीला बसू नये.

रंगाने काळी नसणारी अजून एक काळी पेटी आहे, विमानातली. अपघातानंतर सापडावी म्हणून ती भडक नारिंगी रंगवलेली असते.

काडेपेटी की काडीपेटी? आणि तिने पेटतं म्हणून ती पेटी का?

दोन्ही चालतात. मी काडेपेटी म्हणते. पेटणं हे क्रियापद वेगळं, त्याच्याशी नुसतं ध्वनीचं साम्य. काडेपेटीतली पेटी म्हणजे साधी डबी, तेलुगूतल्या अग्गिपेट्टेसारखी. हा प्रश्न मला दुसरीतल्या मुलाने विचारला होता आणि इतका चांगला प्रश्न मोठ्यांपैकी कुणी आजवर विचारलेला नाही.

एक पेटी म्हणजे एक लाख रुपये हे कुठून आलं?

मुंबईच्या गुन्हेगारी जगाच्या बोलीतून. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. सिनेमांनी हे शब्द गावोगाव नेले आणि २०२२ च्या राजकीय घोषणांमुळे 'खोके' घराघरांत पोचले. माझ्याकडे एकाने फोनवर विचारलं, "चांगली पेटी केवढ्याला?" मी आकडा सांगितला तर म्हणाला, "म्हणजे अर्धी पेटी." मला हिशेब कळायला वेळ लागला. मुलांसमोर हा अर्थ कुणी वापरला की मला बरं वाटत नाही, ते मी लपवत नाही.

मतपेटी आता राहिली आहे का?

लोकसभेला २००४ पासून देशभर यंत्रच आहे. तरी मतदानानंतर 'उमेदवारांचं भवितव्य मतपेटीत बंद' असं लिहायची सवय सुटलेली नाही. खरी मतपेटी मात्र अजून निघते. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत पसंतीक्रम आकड्याने लिहायचा असतो, म्हणून कागदी मतपत्रिका आणि पेटी. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो, त्यामुळे आपले शिक्षक आणि पदवीधर मत पेटीतच टाकतात.

"बागेत पेट्या ठेवल्यात" म्हणजे काय?

मधमाश्यांच्या. सांगोल्याकडे डाळिंब फुलावर आलं की काही बागायतदार या लाकडी पेट्या बांधांवर मांडतात. माश्या फुलाफुलावर जातात, परागीभवन होतं, फळ जास्त धरतं. त्या बागेत फवारणी करायची असेल तर पेटीवाल्याला आधी सांगायचं. बांधावर उभं राहून कान दिलात तर पेटीतून एकसारखा सूर येतो. आमच्या एका मुलाने तो ऐकून सांगितलं, "ताई, पांढरी सहाच्या जवळ आहे." घरी येऊन त्याने पट्टी दाबून दाखवली.

द्राक्षाची, आंब्याची पेटी मात्र मापाची असते. भाव पेटीवर निघतो, म्हणून घेताना आत किलो किती, डझन किती ते विचारायचं.

घरातली जुनी पत्र्याची पेटी टाकून द्यावी का?

नका टाकू. माझ्या मावशीची पेटी हिरव्या रंगाची आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात तिचं माहेरचं नाव. लग्नात तिच्याबरोबर आली. गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं राहायची आणि त्या खोलीत तिची स्वतःची जागा म्हणजे ती पेटी. किल्ली पदराला. आत तळाला वर्तमानपत्र, त्यावर इरकल, मुलांची जन्मपत्रिका, एक चांदीचं निरांजन आणि कोपऱ्यात कापूर. दुपारी सगळे कामावर गेले की ती झाकण उघडून नुसती बसायची. उघडताना बिजागरीचा जो आवाज होतो तो मला आजही लांबून ओळखू येतो. पेटी या शब्दाचा तिच्यापुरता अर्थ 'माझं' असा होता.

हिंदीत 'कुर्सी की पेटी बाँधिए' म्हणतात ती कुठली पेटी?

पट्टा. हिंदीत पेटी म्हणजे कंबरपट्टाही. मराठीत आपण पट्टाच म्हणतो.

कीर्तनात, वारीत पेटी चालते का?

चालत्या दिंडीत टाळ, वीणा आणि पखवाज. ही वाद्यं गळ्यात घालून चालता येतं, पेटीला मांडी लागते. मुक्कामाच्या ठिकाणी भजनाला, गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी असतेच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने आषाढीच्या आधी महिनाभर माझ्याकडे दुरुस्तीला रांग लागते आणि मंडळांना मी एकच विनंती करते: शेवटच्या आठवड्यात आणू नका. सूर लावणं हे घाईचं काम नाही. वाऱ्याने थरथरून सूर देणारी आतली पितळी पाती टोकाकडे जराशी घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. घास जरा जास्त बसला तर पाती कमजोर होते. एका पेटीत अशा सत्तर-ऐंशी पात्या असू शकतात आणि प्रत्येकीपाशी थांबून ऐकावं लागतं.

आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, हे खरं?

खरं आहे. १९४० मध्ये बंदी आली आणि १९७१ पर्यंत राहिली. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात, रागातल्या श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, त्यात नेमक्या बसत नाहीत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, हे आक्षेप होते. आक्षेप खोटे नाहीत. मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगते की गंधार, म्हणजे ग, गळ्याने लावा, पेटी नुसती जवळ ठेवा. पण तीस वर्षं बाहेर ठेवूनही पेटी मैफलीतून गेली नाही, देवळातून गेली नाही, शाळेतल्या प्रार्थनेतून गेली नाही. पेटीवादक अप्पा जळगावकरांची साथ ज्यांनी ऐकली, त्यांना गाण्यामागे किती हलकेपणाने उभं राहता येतं ते कळलं. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी करून त्या आक्षेपाला उत्तरच दिलं.

पेटी बाहेरगावी पाठवायची आहे. काय काळजी घ्यावी?

पावतीवर नुसतं 'पेटी' लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. वडिलांच्या हातची एक पेटी मी एका मालवाहतूकवाल्याकडे दिली होती. पावतीवर लिहिलं गेलं 'पेटी, १ नग'. त्यांच्या लेखी ती खोक्यांतली एक पेटी. उलटी ठेवली, वर पोती रचली. पोचली तेव्हा भात्याची घडी फाटली होती आणि तीन पट्ट्या खाली बसल्या होत्या. भाता बदलता आला. पण त्या भात्याचं कातडं वडिलांनी शेवटच्या आजारपणात, थरथरत्या हातांनी चिकटवलेलं होतं. तेव्हापासून मी मोठ्या अक्षरांत लिहिते: 'हार्मोनियम, वाद्य, ही बाजू वर'. इथे मात्र पेटी शब्द बाजूला ठेवायचा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पेटी बिघडते का?

बिघडते. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकतं, सांधे उघडतात, वारा गळतो. भाता भरभर मारावा लागला की समजा. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगतं आणि पट्टी दाबली की वर येत नाही. कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवू नका, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. ठेवताना भाता बंद, खटके आत, वर सुती कापड. उंदीर भात्याचं कातडं आणि आतलं फेल्ट कुरतडतात, म्हणून जमिनीवर नको. आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा. न वाजवलेल्या पेटीत धूळ पातीवर बसते आणि सूर घोगरा होतो.

जुनी पेटी विकायची आहे. जाहिरातीत काय लिहू?

'बाजाची पेटी विकणे आहे' असं लिहा. पुढे सप्तकं किती, सूर एकेरी की दुहेरी (एका पट्टीला पाती एक की दोन), खटके किती, भाता गळतो का, ते खरं खरं लिहा. फोटो झाकण उघडून काढा. त्याखाली कुणाच्या घरची, कोण वाजवायचं, हे एका ओळीत लिहिलंत तर घेणाऱ्याला फार बरं वाटतं. मागच्याच महिन्यात एका गृहस्थांनी आईची पेटी दिली तेव्हा आत एक चिठ्ठी ठेवली होती: 'हिचा काळी चारचा सूर थोडा अडतो, आई तिथे जरा जोर द्यायची.' तो सूर मी अजून दुरुस्त केलेला नाही. ज्या मुलीने ती पेटी घेतली, तिने आधी चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "राहू दे ताई, मीही जोर देईन."